गावच्या पाण्याचा अहवाल : लिहिणाऱ्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठी

नळपाणी योजनेतील पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो, काही दिवसांनी एक कागद परत येतो आणि त्याच्या तळाशी बहुधा तीन शब्द असतात : ‘पाणी पिण्यायोग्य आहे’. हा कागद फाइलला लागतो. ज्या कुटुंबांनी दरम्यानच्या काळात ते पाणी प्यायले, त्यांच्यापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. आणि पोहोचला तरी त्यातील आकडे कसे वाचावेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्रस्तुत लेखाचा विषय हा कागद आहे. तो काय सांगतो, काय सांगत नाही, आणि लहान वस्तीसाठी पाण्याचा अहवाल लिहायचा झाल्यास त्यात काय असावे, याचा येथे विचार केला आहे.

लहान योजना म्हणजे एक विहीर किंवा दोन-तीन कूपनलिका, एक उंच टाकी, थोडी जलवाहिनी आणि पाणी सोडणारा एक माणूस. शेकडो गावे अशाच योजनेवर चालतात. पण आपल्यापैकी अनेकांच्या संस्थेचे वसतिगृहही याच व्याख्येत बसते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. स्वतःचा बोअर, स्वतःची टाकी आणि दोनशे विद्यार्थी, म्हणजे ती एक पाणीपुरवठा योजनाच झाली. मोठ्या शहराकडे स्वतःची प्रयोगशाळा व रसायनतज्ज्ञ असतात. लहान योजनेकडे हे काही नसते. त्यामुळे तिचा अहवाल वर्षभरात मिळणाऱ्या मोजक्या कागदांवर उभा राहतो, आणि म्हणूनच तो अधिक काळजीने लिहावा लागतो.

दोन नमुने आणि ३६५ दिवस

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. त्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पिण्याच्या पाण्याच्या स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, होणे अपेक्षित आहे. याखेरीज प्रत्येक गावात पाच जणांना, शक्यतो महिलांना, क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ही व्यवस्था पूर्वीच्या मानाने निश्चितच चांगली आहे. परंतु वर्षातून दोन नमुने म्हणजे नेमकी किती माहिती, हे वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे.

समजा, एखाद्या गावाचे पाणी वर्षातील दहा टक्के दिवस, म्हणजे सुमारे ३६ दिवस, दूषित असते. नमुन्याचा दिवस कोणताही असू शकतो असे धरल्यास एक नमुना निर्दोष येण्याची शक्यता ०.९, आणि दोन्ही नमुने निर्दोष येण्याची शक्यता ०.९ × ०.९ = ०.८१. अर्थात, अशा पाच गावांपैकी चार गावांच्या हाती ‘पिण्यायोग्य’ असाच कागद येईल. दरमहा एक याप्रमाणे बारा नमुने घेतले तर सर्व निर्दोष येण्याची शक्यता सुमारे २८ टक्क्यांवर उतरते. दर आठवड्याला एक घेतला तर ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. एवढ्या साध्या गुणाकाराने विद्यार्थ्यांच्या लक्षात येते की निर्दोष अहवाल आणि निर्दोष पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अर्थात हे गणित ढोबळ आहे. दूषित दिवस वर्षभर सारखे विखुरलेले नसतात. पहिल्या जोरदार पावसानंतर, जलवाहिनी फुटल्यावर, वीज गेल्याने टाकी रिकामी राहिल्यावर ते एकापाठोपाठ येतात. म्हणून मे महिन्यातील कोरड्या दुपारी चार नमुने घेण्यापेक्षा जुलैमध्ये पहिला लोंढा वाहून गेल्यानंतर एक नमुना घेणे अधिक उपयोगाचे. अहवालात नमुन्याची तारीख तर हवीच, पण आधीच्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला होता का, दुरुस्ती चालू होती का, हेही एका ओळीत नोंदवले पाहिजे. प्रयोगशाळेच्या छापील नमुन्यात यासाठी रकाना नसेल तर गावाने आपल्या अहवालात तो करावा.

बाटली कोठे भरली?

नमुना विहिरीवर भरला, टाकीखाली भरला की शेवटच्या नळावर, यावर निष्कर्ष बराच अवलंबून असतो. विहिरीचे पाणी उत्तम आणि शेवटच्या आळीतील नळाचे दूषित, असे नेहमी घडू शकते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून तास-दोन तास किंवा काही दिवसांआड येते. पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि जेथे सांधा गळका आहे तेथून आजूबाजूचे पाणी, प्रसंगी गटाराचेही, आत ओढले जाते. पाणी पुन्हा सुटले की हे मिश्रण सर्वांत आधी घराघरांत पोहोचते.

या बाबतीत सीमाभागातील वाचकांना जवळचा असा एक अभ्यास उपलब्ध आहे. हुबळी-धारवाडच्या काही प्रभागांत अखंड चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला होता, तर उर्वरित शहराला पाणी ठरावीक दिवशीच मिळत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एमिली कुम्पेल व कारा नेल्सन या संशोधिकांनी दोन्ही भागांतील पाण्याची तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अखंड पुरवठ्याच्या नळांवरील ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय जंतू सापडले. खंडित पुरवठ्याच्या नळांवर हे प्रमाण ३१.७ टक्के होते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. दोन्ही भागांतील घरांमध्ये साठवलेल्या पिण्याच्या पाण्यात नळाच्या पाण्यापेक्षा जंतू अधिक होते. म्हणजे नळापर्यंत चांगले आलेले पाणी हंड्यात, माठात आणि ओगराळ्याविना बुडवलेल्या पेल्याने पुन्हा बिघडते. योजनेचा अहवाल नळाशी थांबतो; कुटुंबाचा प्रश्न मात्र पेल्याशी संपतो. ही मर्यादा अहवालात स्पष्ट लिहिलेली बरी.

नमुना घेण्याच्या पद्धतीबद्दल दोन बाबी सांगणे आवश्यक आहे. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटलीच लागते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेटचा अंश असावा लागतो. तो नसेल तर पाण्यातील क्लोरीन बाटलीतही आपले काम करीत राहतो, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू मरतात आणि अहवाल खोटाच निर्दोष येतो. दुसरे, प्रचलित पद्धतीनुसार नळ दोन-तीन मिनिटे वाहू देऊन मग बाटली भरतात. वाहिनीतील पाणी जोखण्यासाठी ते योग्यच आहे. पण ज्या गावात लोक पाणी आल्याबरोबर हंडे लावतात, तेथे पहिल्या धारेचा वेगळा नमुना घेतल्याशिवाय लोक काय पितात ते कळणार नाही. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. तालुक्याच्या ठिकाणाहून दूर असलेल्या गावांची खरी अडचण येथेच असते.

या अडचणीवरचा एक उपाय ग्वाल्हेरमध्ये तयार झाला, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. तेथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील के. एस. मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. लहान बाटलीत औषधी द्रव्याने भिजवून वाळवलेली कागदाची पट्टी असते. तिच्यात पाणी भरून बाटली उबदार जागी ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे अनेक जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात; त्याचा लोहाशी संयोग होऊन काळे आयर्न सल्फाइड बनते आणि पाणी काळे पडते. एक-दोन दिवसांत निकाल मिळतो, वीज लागत नाही, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो वाचता येतो. आज क्षेत्रीय तपासणी संचात जी जंतूंची बाटली असते ती बहुधा याच तत्त्वावरची असते. मात्र तिचा निकाल ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच असतो. शिवाय काही भूजलांत नैसर्गिकरीत्या गंधकावर जगणारे जंतू असतात आणि त्यांच्यामुळेही बाटली काळी होऊ शकते. तेव्हा काळी बाटली म्हणजे धोक्याची सूचना समजून पाणी लगेच सुरक्षित करावे व नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. पांढरी बाटली म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

आकडे आणि त्यांची एकके

भारतात पिण्याच्या पाण्याचे प्रमाण भारतीय मानक १०५०० मध्ये दिलेले आहे. त्याची २०१२ ची आवृत्ती व नंतरच्या दुरुस्त्या सध्या आधारभूत मानल्या जातात. या मानकात अनेक घटकांसाठी दोन मर्यादा असतात, एक स्वीकारार्ह आणि दुसरी, अन्य स्रोत नसेल तरच चालवून घ्यायची. फ्लोराइडसाठी त्या अनुक्रमे १.० व १.५, विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी ५०० व २०००, कठीणतेसाठी २०० व ६०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहेत. नायट्रेटसाठी मात्र ४५ ही एकच मर्यादा असून तिला सूट नाही. ई. कोलाय तर शंभर मिलिलिटर पाण्यात मुळीच आढळता कामा नये. पुष्कळ अहवालांत फक्त दुसरी, सैल मर्यादा छापून ‘मर्यादेत’ असा शेरा मारलेला असतो. हे दिशाभूल करणारे आहे. १८०० मिलिग्रॅम क्षारांचे पाणी आणि ३०० मिलिग्रॅमचे पाणी दोन्ही ‘मर्यादेत’ म्हटल्यावर वाचणाऱ्याला काय कळणार?

एककांचा घोटाळा नायट्रेटच्या बाबतीत विशेष होतो. अमेरिकेतील मर्यादा १० आहे असे एखादा विद्यार्थी इंटरनेटवर वाचतो आणि आपली ४५ पाहून घाबरतो. वस्तुतः दोन्ही जवळजवळ सारख्याच आहेत. अमेरिकेत नायट्रेटमधील केवळ नायट्रोजनचे वजन मोजतात, आपण संपूर्ण नायट्रेटचे. नायट्रोजनचा अणुभार १४ आणि नायट्रेटचा भार ६२. म्हणून १० ला ६२/१४ ने गुणले की ४४.३ येतात. अहवालात ‘नायट्रेट म्हणून’ किंवा ‘नायट्रोजन म्हणून’ हे लिहिलेले नसेल तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना मोल संकल्पना शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

सरासरीपासूनही सावध राहावे. गावात दोन बोअर आहेत. एकात फ्लोराइड ०.९ आणि दुसऱ्यात १.९. सरासरी १.४ येते, म्हणजे ‘मर्यादेत’. पण दुसऱ्या बोअरवरची मुले सरासरी पाणी पीत नाहीत, १.९ चेच पितात. दातांवरचे तपकिरी डाग त्यांच्याच वाट्याला येतात, आणि प्रमाण आणखी वाढून वर्षानुवर्षे राहिले तर हाडांवरही परिणाम होतो. नळगोंडा जिल्ह्याने हे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची जी पद्धत विकसित केली, तिला त्या जिल्ह्याचेच नाव आहे. म्हणून प्रत्येक स्रोताचा आकडा स्वतंत्र द्यावा. निदान किमान आणि कमाल तरी द्यावे.

पाणी उकळा, हे केव्हा सांगावे?

माझ्या मते लहान योजनेच्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची ओळ आकड्यांची नसून सल्ल्याची असते, आणि चुकीचा सल्ला तेथेच दिला जातो. जंतूंसाठी पाणी उकळणे हा उत्तम उपाय आहे. परंतु फ्लोराइड आणि नायट्रेट उकळल्याने जात नाहीत. उलट पाणी आटते व त्यांचे प्रमाण वाढते. फ्लोराइड १.५ असलेले पाणी उकळून पाऊणपट उरले तर ते २.० होते. जास्त नायट्रेटचे पाणी वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते व बाळ निळसर पडते. अशा घरी ‘पाणी उकळून द्या’ असे सांगणे म्हणजे काळजी घेणाऱ्या आईच्याच हातून अपाय घडविणे होय. अहवालात ‘उकळल्याने हा दोष जाईल’ किंवा ‘उकळल्याने जाणार नाही’ यांपैकी एक वाक्य प्रत्येक दोषापुढे असलेच पाहिजे.

इतरांनी काय केले

ग्राहकाला दरवर्षी अहवाल देण्याची सक्ती करणारा सर्वपरिचित कायदा अमेरिकेचा आहे. तेथील १९७४ च्या सुरक्षित पेयजल कायद्यात १९९६ साली दुरुस्ती झाली आणि १९९९ पासून प्रत्येक सामुदायिक योजनेला ग्राहकांना वार्षिक अहवाल देणे बंधनकारक झाले. पंधरा जोडण्या किंवा बारमाही राहणारी पंचवीस माणसे असली की ती सामुदायिक योजना धरली जाते. आधीच्या वर्षाचा अहवाल १ जुलैपर्यंत द्यायचा असतो. दहा हजारांहून कमी लोकसंख्येच्या योजनांना घरोघर टपालाने पाठविण्यातून सूट मिळू शकते. पाचशे किंवा त्याहून कमी असतील तर ‘अहवाल अमुक ठिकाणी मिळेल’ एवढे कळविले तरी चालते. सूट आहे ती पाठविण्याच्या पद्धतीतून, अहवाल तयार करण्यातून नव्हे. २०२४ मध्ये या नियमांत सुधारणा झाली असून दहा हजार व त्याहून अधिक लोकसंख्येच्या योजनांनी २०२७ पासून वर्षातून दोनदा अहवाल पोहोचवायचा आहे.

या नियमातील एक बारीक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. मर्यादेचा आकडा एक किंवा त्याहून मोठा येईल असे एकक वापरायचे. आर्सेनिकची मर्यादा ‘०.०१ मिलिग्रॅम’ न लिहिता ‘१० मायक्रोग्रॅम’ लिहायची. दशांश चिन्हानंतरची शून्ये मोजताना सामान्य वाचक गोंधळतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले. आणि तातडीच्या धोक्यासाठी वार्षिक अहवालाची वाट पाहायची नसते. ई. कोलाय किंवा नायट्रेटचे उल्लंघन आढळल्यास चोवीस तासांत लोकांना कळवावे लागते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाणवठ्यांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर, पावसाळ्यापूर्वी व नंतर, हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकविणाऱ्या गावाला चंदेरी कार्ड मिळते. रंग सर्वांना समजतो, हा त्याचा मोठा गुण. यात प्रत्यक्ष जागेची पाहणी होते हेही महत्त्वाचे; विहिरीला कठडा आहे का, जवळ उकिरडा आहे का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचते का, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. उणीव एवढीच की पिवळे कार्ड का मिळाले ते कार्डावरून कळत नाही.

एक नमुना

पुढील मजकूर काल्पनिक गावाचा असून आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एवढ्या लांबीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या फलकावर सहज मावतो.

‘आपल्या गावचे पाणी, जून ते ऑक्टोबर. पाणी ओढ्याकाठच्या विहिरीतून येते, टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते. शेजारच्या वाडीला शाळेजवळच्या बोअरचे पाणी मिळते. शेवटच्या नळावर ४० दिवस क्लोरीन पाहिला. ३४ दिवस पुरेसा होता, ६ दिवस नव्हता. त्यांपैकी ४ दिवस पावडर संपली होती. जंतूंसाठी ६ नमुने तपासले. ५ मध्ये ई. कोलाय आढळले नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या आळीतील नळावर आढळले. गटारालगतची फुटकी नळी बदलली, त्यानंतर दोनदा तपासले, आढळले नाही. नायट्रेट विहिरीत ३१, बोअरमध्ये ५८, मर्यादा ४५. बोअरचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधासाठी वापरू नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही. बाळासाठी विहिरीच्या योजनेचे पाणी चौकातील नळावर मिळेल, ते उकळून गार करून वापरावे. कीटकनाशकांची तपासणी या वर्षी झालेली नाही.’

शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवले आहे. जे तपासले नाही त्यापुढे ‘निरंक’ लिहिण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. ‘तपासले नाही’, ‘तपासले पण उपकरणाला जाणवेल इतके आढळले नाही’ आणि ‘शून्य’ या तिन्ही गोष्टी निराळ्या आहेत. सीमाभागातील गावांत हा मजकूर मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही लिपींत लावावा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेत किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.

टीसीएलचा हिशेब

वरील नमुन्यातील क्लोरीनची ओळ प्रत्यक्षात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी नोंद आहे. ती रोज घेता येते. नळाच्या पाण्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. हे द्रावण विषारी असल्याने तपासलेले पाणी पिऊ नये व मुलांच्या हाती द्रावण देऊ नये; शक्य तेथे गुलाबी रंग देणारी डी.पी.डी. गोळी वापरावी. शेवटच्या नळावर किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असावा.

निर्मळ पाण्यासाठी हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर लागते, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम. पाणी सोडण्यापूर्वी तासभर थांबावे लागते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. त्या हिशेबाने लिटरमागे ०.८ मिलिग्रॅम पडतो. पण पोते उघडे, ओलसर खोलीत पडून राहिले की क्लोरीन उडून जातो. तो २० टक्क्यांवर आला तर तेवढ्याच पावडरीतून ०.५, आणि १० टक्क्यांवर आला तर जेमतेम ०.२५ मिळतो, जो वाटेतच संपून जातो. नोंदवहीत ‘पावडर टाकली’ असे रोज लिहिलेले असूनही शेवटच्या नळावर काही उरत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून वहीत किती ग्रॅम टाकली, पोते कोणत्या महिन्याचे, आणि शेवटच्या नळावर कोणता रंग आला, असे तीन रकाने असावेत. पोते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, जमिनीपासून वर, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावे. धान्य किंवा खताच्या खोलीत ठेवू नये.